आंत्वानची कैफियत

चि. वसुधा,

तुझे पत्र पावले. शिक्षिका म्हणून शाळेत रुजू होऊन पहिले सत्र संपते न संपते तोच पुण्याच्या चित्रपट महोत्सवात फ्रान्स्वा त्रुफोचा ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ पाहण्याचा योग येत आहे, हे वाचून फार समाधान वाटले. महोत्सवात दिवसाकाठी चार-पाच चित्रपट पाहण्याची तुझी हौस मी जाणतो. परंतु त्या दिवशी ह्याच्यानंतर दुसरे काहीही पाहू नयेस, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

१९५८ साली जहाल टीकालेखनामुळे कानच्या महोत्सवाने ज्याला प्रवेश नाकारला, त्याच तरुणाला पुढल्या वर्षी तेथे ह्या चित्रपटाच्या दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले, ही हकिकत तुला कोणीही सांगेल. मला अधिक मोलाची वाटते ती अर्पणपत्रिका. त्रुफोला कुमारवयात सुधारगृहातून आणि पुढे लष्करी कैदेतून सोडविण्यासाठी ज्यांनी खटपट केली, ते समीक्षक आंद्रे बाझां चित्रीकरणास आरंभ होताच निवर्तले. त्यांच्या स्मृतीस हा चित्रपट वाहिलेला आहे. एका तरी वडीलधाऱ्या माणसाने आपली बाजू घेतली होती, ही कृतज्ञता मुळाशी असल्यामुळेच, मला वाटते, ह्या कथेत मोठ्यांविषयी सूडबुद्धी नाही.

शिक्षिका म्हणून तू विशेष लक्ष द्यावेस ते बाल्झाकच्या प्रसंगाकडे. चित्रपटाचा नायक आंत्वान दोइनेल हा पॅरिसमधला मुलगा, कादंबरीकार बाल्झाकचा एक उतारा वाचून भारावून जातो, घरातल्या एका कोनाड्यात त्याच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावतो, त्यापायी पडद्याने पेट घेतल्यावर बापाची बोलणी खातो. आणि वर्गात निबंध लिहिताना, अंतःकरणात भिनलेला तोच उतारा त्याच्या लेखणीतून उतरतो, तेव्हा शिक्षकाला त्यात केवळ चोरी दिसते. त्या शिक्षकाला दुष्ट ठरवू नकोस. तो कायद्याने चुकलेला नाही. पण कोनाड्यातली ती मेणबत्ती त्याच्या दप्तरात कोठेच नोंदलेली नव्हती, आणि तिच्याविषयी विचारपूस करावी असे त्याच्या मनातही आले नाही. पुढे चोरलेले टंकलेखनयंत्र परत ठेवायला गेलेला आंत्वान नेमका तेव्हाच पकडला जातो, आणि बाप त्याला स्वतःच पोलिसांच्या हवाली करतो. प्रत्येक ठिकाणी फैसला आधी होतो, चौकशी मागाहून.

ती चौकशी म्हणजे सुधारगृहातील मानसशास्त्रज्ञ बाईंशी त्याचे झालेले संभाषण. बाई पडद्यावर दिसतच नाहीत. दिसतो तो केवळ मुलगा, बोटांशी चाळा करीत, मधूनच हसत, कोणताही आडपडदा न ठेवता कैफियत देणारा. आंत्वानची भूमिका करणाऱ्या झां-प्येर लेओला त्रुफोने इथे बव्हंशी स्वतःच्या शब्दांत बोलू दिले. तुझ्या वर्गातला एखादा मुलगा खोटे बोलताना सापडला, तर शिक्षा फर्मावण्यापूर्वी त्याला अशी सवड दे. मुख्याध्यापकांना निकाल तातडीने हवा असला, तरी एक दिवस मागून घे.

त्याच जबानीत तो आपल्या आईविषयी जे सांगतो, ते ऐकून तिच्याविषयी तुझे मत काय होते, हे मला सविस्तर लिहून कळव. तिला क्षमा करावी असे मला वाटते; तुझ्या मामीला ते मुळीच मान्य नाही.

तुझा,
मामा