लेबलवर विश्वास ठेवू नका!

मित्रांनो, इंजिनिअरिंगच्या मासिकात बायोलॉजी कशाला, असं वाटेल. पण विषय शेवटी आपलाच आहे, कॅलिब्रेशनचा. (मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या!)

सुरुवात आमच्या जुन्नरपासून. ऊसतोडीत कुणाला घोणस चावली की दवाखान्यात सर्पदंशाची लस देतात. ती घोड्याच्या रक्तातून काढलेली अँटीबॉडी, म्हणजेच प्रतिपिंड. आपल्या देशातली ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषासाठी बनवतात. घाटातला चापडा त्यांत नाही. म्हणजे अँटीबॉडी कुलपाच्या किल्लीसारखी, ठरलेल्या ठिकाणीच बसणारी.

हीच किल्ली संशोधनात मोजमापाचं साधन होते. आपल्या पेशीतल्या प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना टेलोमिअर असतो. त्यात टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं हजारो वेळा येतात. त्यावर सहा प्रथिनांचं संरक्षक कवच असतं, शेल्टरिन. त्यातलं एक टीआरएफ-२. ते काढलं की पेशीला वाटतं, डीएनए तुटला! मग ती 'दुरुस्ती' म्हणून दोन गुणसूत्रांची टोकं एकमेकांना जोडते, आणि पेशी विभागताना सगळाच घोटाळा होतो. कॅन्सरच्या अभ्यासात टीआरएफ-२ ला महत्त्व आहे ते यामुळेच.

पण ते दिसणार कसं? पेशीतली प्रथिनं जेलमधून वजनाप्रमाणे वेगळी करतात, पातळ पडद्यावर घेतात आणि त्यावर अँटीबॉडी सोडतात. ती जिथे चिकटेल तिथे पट्टा उमटतो.

माझ्या ताईच्या एम.एस्सी. प्रोजेक्टमध्ये असाच पट्टा आला. ठळक, प्रत्येक वेळी. चार महिने ती खूश होती. मग सरांनी विचारलं, "कंट्रोल कुठाय?" टीआरएफ-२ पूर्ण काढलं तर पेशी जगतच नाहीत, म्हणून तिने ते मुद्दाम कमी केलेल्या पेशी घेतल्या. पट्टा फिका व्हायला हवा होता. तो तसाच ठळक! अँटीबॉडी जवळपास तेवढ्याच वजनाच्या भलत्याच प्रथिनाला चिकटत होती. बाटलीवर मात्र स्पष्ट लिहिलेलं, टीआरएफ-२. त्या रात्री ताई फोनवर रडली. आकडे तसेच ठेवले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण तिने सगळे निकाल बाजूला ठेवले, दुसरी अँटीबॉडी आधी तपासून घेतली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. प्रबंधात ही चूकही लिहिली.

१९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची अँटीबॉडी हवी तितकी बनवायची युक्ती शोधली. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. युक्ती मोठीच, पण तपासायचं काम तिने संपवलं नाही.

आपण तरी काय करतो? मीटर शून्यावर आहे का ते न बघता रीडिंग घेतो आणि ग्राफ बिघडला की शेजारच्याच्या जर्नलमधून 'सुधारतो'. पुढच्या प्रॅक्टिकलला आधी एवढंच विचारा : जिथे काहीच यायला नको, तिथे हे यंत्र काय दाखवतं?

बघा, पटतंय का!

– तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन