लस शहरात, ताप हॉस्टेलात

पावसाळ्यात टर्म सुरू झाली की आपल्या हॉस्टेलमध्ये दोन साथी हमखास येतात. एक असाइनमेंट उतरवून काढण्याची आणि दुसरी तापाची. पहिलीवर अजून औषध निघालेलं नाही. दुसरीवर लस आहे, दरवर्षी नवी बनते, आणि डोसांच्या संख्येने जगातली सगळ्यात मोठी लस कंपनी आपल्याच पुण्यात, हडपसरला आहे. तरीही ती हॉस्टेलपर्यंत वेळेवर पोचत नाही. असं का होतं हा प्रश्न डॉक्टरकीचा कमी आणि आपल्या प्रॉडक्शनच्या सिलॅबसमधला जास्त आहे, म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. आपण नाक गळायला लागलं तरी "फ्लू झालाय" म्हणतो. खरा फ्लू म्हणजे इन्फ्लुएंझा. तो अचानक येतो. सकाळी प्रॅक्टिकलला बसलेला मुलगा संध्याकाळी पांघरुणात असतो. अंग मोडून येतं, ताप चढतो, कोरडा खोकला सुरू होतो. बहुतेक धडधाकट मुलं आठवड्याभरात उठून बसतात. पण दमेकरी, मधुमेही, गरोदर स्त्रिया आणि वयस्कर माणसं यांच्यात तो फुप्फुसात उतरू शकतो आणि मग प्रकरण अतिदक्षता विभागापर्यंत जातं. कधीकधी अगदी धडधाकट तरुणालाही तो सोडत नाही, हे पुण्याला वेगळं सांगायची गरज नाही.

कारण २००९ चं वर्ष. आपल्यापैकी बरेच जण तेव्हा बालवाडीतही नव्हते, पण तेव्हापासून इथे नोकरीला असलेल्या स्टाफपैकी कुणालाही विचारा. त्या वर्षी एप्रिलमध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत एच१एन१ चा नवा विषाणू सापडला, ज्याला सगळे 'स्वाइन फ्लू' म्हणायला लागले. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक साथ जाहीर केली. ३ ऑगस्टला भारतातला पहिला मृत्यू झाला तो पुण्यात, शाळेत जाणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीचा. त्यानंतर शाळा-कॉलेजं बंद झाली, नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीच्या रांगा लागल्या, मास्क मिळेनासे झाले आणि जो तो तोंडाला रुमाल बांधून फिरू लागला. कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी हुंगायचे एसेमेसही फिरत होते.

आता गंमत बघा. विषाणूची खात्रीशीर तपासणी करणारी राष्ट्रीय विषाणू संस्था, म्हणजे एन.आय.व्ही., पुण्यात. सिरम इन्स्टिट्यूट पुण्यात. आणि त्या ऑगस्टमध्ये पुण्यातल्या माणसाला या विषाणूवरची लस एक थेंबभरही मिळत नव्हती. पैसे असूनही नाही, ओळख असूनही नाही. भारतात तयार झालेली पहिली लस, अहमदाबादच्या झायडस कॅडिलाची, आली जून २०१० मध्ये. सिरमची नाकात फवारायची 'नेझोव्हॅक' आली त्याच्या पुढच्याच महिन्यात. म्हणजे पहिल्या मृत्यूनंतर जवळजवळ अकरा महिन्यांनी. आणि १० ऑगस्ट २०१० ला तर जागतिक साथ संपल्याची घोषणा झाली.

यात कुणाचा आळस नव्हता. प्रॉडक्शनवाल्यांना 'लीड टाइम' हा शब्द शिकवावा लागत नाही. इथे तो अक्षरशः अंड्यांनी ठरतो. फ्लूची बहुतेक लस आजही कोंबडीच्या फलित अंड्यात वाढवतात. मेसच्या ऑम्लेटची अंडी नव्हेत, दहा-अकरा दिवस उबवलेली, आत जिवंत गर्भ असलेली. आधी अंड्यात चांगला वाढेल असा 'बीज विषाणू' तयार करायचा, तो कारखान्यांना पाठवायचा, अंड्यांत टोचायचा, वाढवायचा, काढायचा, शुद्ध करायचा, तपासायचा, बाटल्यांत भरायचा. एकूण पाच-सहा महिने. २००९ चा बीज विषाणू तर सुरुवातीला अंड्यात नीट वाढतच नव्हता, उत्पादन अपेक्षेच्या निम्म्याच्याही खाली गेलं. नेझोव्हॅकसारख्या जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूच्या लशीचा फायदा हाच, की एका अंड्यातून कितीतरी जास्त डोस निघतात.

भारत गरीब म्हणून असं झालं असं कुणाला वाटत असेल तर अमेरिकेतल्या कॉलेजांचं उदाहरण बघू, कारण तिथे हा प्रश्न थेट हॉस्टेलच्या मुलांचाच होता. ऑगस्ट २००९ मध्ये तिथली कॉलेजं उघडली आणि काही आठवड्यांतच कॅम्पस आजारी पडले. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत दोन हजारांहून जास्त मुलांनी फ्लूसारखी लक्षणं कळवली. लस वाटपाची प्राधान्ययादी तोवर तयार होती आणि तिच्यात सहा महिन्यांपासून चोवीस वर्षांपर्यंतचे सगळे होते, म्हणजे कॉलेजची मुलं आलीच. कागदावर सगळं उत्तम. सरकारचा अंदाज होता की ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत १२ कोटी डोस हातात येतील. प्रत्यक्षात पहिले डोस ऑक्टोबरच्या सुरुवातीला आले आणि महिनाभर थोडे थोडे येत राहिले. रांगा लागल्या, लोक रिकाम्या हाताने परत गेले. दुसरी लाट ऑक्टोबरच्या अखेरीला शिखरावर जाऊन उतरू लागली. लस भरपूर झाली तेव्हा रांगेत कुणी नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात तिथे सुमारे ४ कोटी डोस मुदत संपल्यामुळे वाया गेले. तुटवडा आणि नासाडी, दोन्ही एकाच लशीची, एकाच वर्षात!

म्हणजे 'लस उपलब्ध आहे का?' हा प्रश्नच अर्धवट आहे. 'कोणत्या तारखेला?' हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

दुसरा लीड टाइम आपल्या शरीराचा. लस टोचली की त्याच मिनिटाला संरक्षण सुरू होत नाही. पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. हे दोन आठवडे हॉस्टेलमध्ये किती महाग पडतात याचा हिशोब कॅल्क्युलेटरवर करता येतो. एका आजारी माणसाकडून सरासरी किती जणांना लागण होते त्या आकड्याला 'आर' म्हणतात. २००९ च्या एच१एन१ साठी तो दीडच्या आसपास होता आणि एका पिढीकडून दुसरीकडे आजार जायला साधारण तीन दिवस लागत. समजा सहाशे मुलांच्या हॉस्टेलमध्ये आज दहा जण आजारी आहेत. तीन दिवसांनी नवे पंधरा, मग बावीस-तेवीस, मग चौतीस, मग एकावन्न. बाराव्या दिवशी बेरीज एकशे तीसच्या वर. आज टोचलेली सुई तेव्हा कुठे कामाला लागणार. आणि सुई आज टोचली जाईल हे तरी कशावरून? कोटेशन, तीन सह्या, अकाउंट सेक्शन, डिस्ट्रिब्युटरचा "सर, परवा नक्की" यात एक आठवडा सहज जातो. तोपर्यंत साथ तिचं काम आटोपत आलेली असते. (आधीच्या वर्षांतली प्रतिकारशक्ती कुणाकडेच नसेल तर दीडच्या 'आर'ला सहाशेतले साडेतीनशे जण आजारी पडून साथ थांबते. प्रत्यक्षात बऱ्याच जणांकडे थोडीफार असते, त्यामुळे आकडा कमी येतो.)

हाच हिशोब उलटा करून बघू. साथ पसरूच नये म्हणून १ − १/आर इतक्या हिश्शाला प्रतिकारशक्ती हवी. दीडसाठी हे येतं ३३ टक्के. पण फ्लूची लस शंभर टक्के चालत नाही; विषाणू जुळला त्या वर्षीही ४० ते ६० टक्के हे तिचं प्रगतिपुस्तक. ५० धरले तर ६७ टक्के मुलांनी लस घ्यायला हवी. आणि एका खोलीत तिघे, एक मेस, एक टी.व्ही. रूम अशा ठिकाणी 'आर' दोनवर गेला, तर उत्तर येतं १०० टक्के. म्हणजे एकट्या लशीच्या जिवावर हॉस्टेलमधली साथ रोखू असं म्हणणं बरोबर नाही. लशीचं पक्कं काम वेगळं आहे: ज्याला फ्लू झाला तर तो हॉस्पिटलात जाईल, त्याला वाचवणं.

मग कॉलेजने काय करायचं? तारखेपासून सुरुवात करू. २००९ चा एच१एन१ आता नेहमीचा हंगामी विषाणू झाला आहे आणि दरवर्षीच्या लशीत त्याचा समावेश असतोच. पण तो गेलेला नाही. २०१५ मध्ये देशात ४२ हजारांहून जास्त रुग्ण आणि तीन हजारांच्या जवळपास मृत्यू नोंदले गेले. लशीत कोणते विषाणू घालायचे हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. आपण नकाशावर उत्तरेत, पण पुण्यातला फ्लू पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये जोर धरतो (दुसरा छोटा उंचवटा जानेवारी-मार्चमध्ये). सप्टेंबरमध्ये ठरलेली दक्षिण गोलार्धाची लस एप्रिल-मेपर्यंत बाजारात येते, तीच आपल्या पावसाळ्याच्या कामाची. खोक्यावर गोलार्ध आणि वर्ष छापलेलं असतं. कॅम्पच्या दिवशी ते बघायला कुणालाही एम.बी.बी.एस. लागत नाही. गेल्या हिवाळ्यातला उरलेला माल जुलैत खपवला जातोय का, हे तेवढ्यावरून कळतं.

अडचण अशी की मे महिन्यात हॉस्टेल रिकामं असतं. परीक्षा, मग सुट्टी. म्हणून माझं मत असं, की ऑर्डर एप्रिलमध्ये, नव्या आर्थिक वर्षाच्या बजेटमधून जावी आणि कॅम्प टर्मच्या पहिल्या आठवड्यात, रूम अलॉटमेंटच्या रांगेच्या शेजारीच लागावा. रांगेत उभं राहायचंच आहे, तर एक रांग आणखी.

पैशाचं काय? फ्लूची लस सरकारच्या नियमित लसीकरण कार्यक्रमात नाही. राज्य सरकारने २०१५ नंतर गरोदर स्त्रिया आणि मधुमेह, उच्च रक्तदाब असलेल्यांसाठी ती मोफत देण्याची मोहीम चालवली आहे, पण सरसकट विद्यार्थ्यांसाठी तशी सोय नाही. बाहेर एका डोसला ब्रँडप्रमाणे हजार-दोन हजार पडतात. सहाशे मुलांचा गुणाकार केला की प्राचार्यांचा चेहरा कसा होईल ते दिसतंच. पण साठच डोस घ्यायचे ठरवले तरी ते कुणाला, याचं उत्तर वर आलेलंच आहे. इनहेलर वापरणारी मुलं, मधुमेह असलेले, गरोदर मॅडम किंवा ऑफिसातल्या ताई, साठीच्या पुढचे वॉचमन काका. आणि मेसमधले मावशी-काका. त्यांच्या हातून सहाशे ताटं जातात, त्यांच्यातला एक जण आजारी पडला तरी तो सुट्टी घेत नाही कारण रोज बुडतो. कॉन्ट्रॅक्टरची माणसं म्हणून त्यांना यादीतून वगळणं हा माझ्या मते सगळ्यात महागडा काटकसरीचा उपाय आहे.

साठवणीबद्दल थोडक्यात. ही लस २ ते ८ अंशात ठेवायची असते आणि ती गोठली तर फेकून द्यायची, पुन्हा वितळवून चालत नाही. त्यामुळे कँटीनचा फ्रीज बाद: दार दिवसातून शंभर वेळा उघडतं आणि फ्रीझरखालच्या कप्प्यात बर्फ जमतो. कॅम्प घेणाऱ्या डॉक्टरांनी ती थंड पेटीतून आणावी आणि उरलेली त्याच दिवशी परत न्यावी. बर्फाचे पॅकही फ्रीझरमधून काढून थेट लशीला चिकटवायचे नसतात. आतलं थोडं पाणी सुटून खुळखुळ वाजेपर्यंत थांबायचं. लस रोज नवी नको, वर्षातून एकदा. त्या दिवशी अंगात चांगला ताप असेल तर बरं झाल्यावर घ्यायची.

आणि साथ लशीच्या आधी आलीच तर? पुन्हा 'आर'कडे बघा. तो दीड असेल आणि आजारी मुलांचे संपर्क एक तृतीयांशाने कमी झाले तर तो १ वर येतो, त्याहून थोडे जास्त कमी झाले तर साथ उतरू लागते. यासाठी कारखाना लागत नाही. तळमजल्यावरच्या दोन-तीन खोल्या टर्मच्या सुरुवातीलाच मोकळ्या ठेवायच्या, ताप आलेल्याला तिथे हलवायचं, डबा दारात पोचवायचा, ताप उतरल्यावर निदान एक पूर्ण दिवस जाऊ द्यायचा. टॅमिफ्लू हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी, म्हणून दमेकरी किंवा मधुमेही मुलाने "उद्या बघू" न म्हणता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. २००९ मध्ये सुरुवातीला हे औषध सरकारी दवाखान्यांतच मिळे. २०१७ मध्ये नियम सैल झाल्यापासून ते चिठ्ठीवर बऱ्याच मेडिकल दुकानांत मिळतं. उरलेली अँटिबायोटिक्स रूममेटला वाटणाऱ्यांनी मात्र हात आवरावा, विषाणूवर ती चालत नाहीत.

फक्त एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या हातात नाही. १०२ ताप असलेला मुलगा मास्कशिवाय वर्गात येऊन बसतो तो हौसेने नाही, ७५ टक्के अटेंडन्ससाठी. सबमिशनच्या आठवड्यात तर तो येणारच. मेडिकल सर्टिफिकेट आणायला त्याला दवाखान्याच्या रांगेत दोन तास खोकत बसावं लागतं. जुलै ते सप्टेंबर रेक्टर सरांच्या सहीची एक चिठ्ठी पाच दिवसांच्या हजेरीसाठी चालेल, एवढा एक ठराव अकॅडमिक सेक्शनने केला तर त्याला ना अंडी लागतात, ना फ्रीज, ना सहा महिने. यंदाच्या स्टुडंट कौन्सिलने लशीच्या ऑर्डरचा अर्ज देताना त्याच पाकिटात हाही अर्ज घालावा. पहिला एप्रिलपर्यंत थांबू शकतो, दुसरा उद्याही मंजूर होऊ शकेल.