रवंथाचा वायू

धानाची मळणी आटोपली म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांतून तणसाचे ढीग उभे राहतात. या भागातील कठाणी जातीची काटक गुरे त्या तणसावर व रानातील चाऱ्यावर जगून चिखलणीचे कष्ट उपसतात.

तणस माणसाला पचत नाही, बैलाला पचते. याचे श्रेय बैलापेक्षा त्याच्या पोटातील सूक्ष्म जीवांना अधिक आहे. जठराच्या चार कप्प्यांपैकी सर्वांत मोठा तो कोठीपोट. तेथे हे जीव चारा आंबवितात. त्या वेळी हायड्रोजन वायू सुटतो आणि काही सूक्ष्म जीव त्याचा कार्बन डायऑक्साइडशी संयोग करून मिथेन बनवितात. व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाला १७७६ साली दलदलीत आढळला तो हाच वायू. चिखलणी केलेल्या बांधीतूनही तोच निघतो. गुरांच्या पोटातून तो बहुतांशी ढेकरेवाटे, म्हणजे तोंडानेच, बाहेर पडतो.

ही ढेकर फुकटची नव्हे. चाऱ्यातील ऊर्जेचा शेकडा २ ते १२ इतका अंश तिच्याबरोबर वाया जातो. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. अर्धपोटी गुरांच्या मालकाला मात्र पहिलेच नुकसान अधिक झोंबावे, हे स्वाभाविक आहे.

यावर उपाय स्वयंपाकघरात व रानात शोधला गेला. १८८९ साली पुण्यात स्थापन झालेली पशुवैद्यक संशोधन संस्था आता बरेलीजवळ इज्जतनगर येथे आहे. तेथील शास्त्रज्ञांनी म्हशीच्या कोठीपोटातील द्रव घेऊन त्यात वनस्पतींचे अर्क मिसळले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हिरड्याच्या अर्काने मिथेन पुष्कळच घटला. पुढे लवंग, बडीशेप, लसूण, कांदा व आले यांचीही परीक्षा झाली. बंगळूर येथील पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ नावाचे पूरक खाद्य तयार केले. त्याने मिथेन शेकडा १७ ते २० कमी होतो, असे २०२१ साली जाहीर झाले.

हिरडा तर झाडीपट्टीच्या जंगलातलाच. मग तो टोपलीभर गव्हाणीत टाकावा काय? तसे करता येत नाही. हिरड्यातील तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, प्रथिनांना बांधून ठेवते, आणि तणसात प्रथिने मुळातच थोडी असतात. मात्रा वाढली तर मिथेन करणाऱ्या जीवांबरोबर तणस पचविणारे जीवही मंदावतात. मग वायू घटतो खरा, पण बैलही खंगतो. शिवाय नळीतील द्रवावर दिसलेला गुण जिवंत जनावरात तेवढाच दिसेल, असे नसते. कोठीपोटातील जीव काही दिवसांत नव्या पदार्थाला सरावूही शकतात. म्हणून अर्काची मात्रा ठरविताना वायूबरोबर चाऱ्याचे पचन, जनावराचे वजन आणि दूध यांचीही मोजणी करावी लागते.