आमच्या खानदानातच आहे

वडील 51व्या वर्षी गेले, मोठे बाबा त्याच्याही आधी. त्यामुळे आमच्या घरी हृदयविकाराचा विषय एका वाक्यात संपायचा: ‘आपल्या खानदानातच आहे ते.’ हे वाक्य माझा मोठा भाऊ पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता म्हणायचा. छातीत जळजळ सुरू झाली तेव्हा त्याने ते सावजी रश्श्याचं पित्त ठरवलं आणि रात्रभर सोडा पीत बसला. सकाळी दवाखान्यात नेलं, स्टेंट बसले, जीव वाचला. पण तेवढ्या वेळात हृदयाचा जो स्नायू मेला तो परत मिळाला नाही.

वडील-भावाला 55च्या आत किंवा आई-बहिणीला 65च्या आत हा आजार झाला असेल, तर बाकीच्यांनी आपणहून तपासणी करावी. आम्ही भावंडांनी केली. रक्तदाब, साखर, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, यांच्याबरोबर लायपोप्रोटीन-ए हा धोका वाढवणारा रक्तातला चरबीचा कण. हे शेवटचं बहुतांशी जनुकांवर ठरतं, पथ्याने फारसं हलत नाही, म्हणून बहुतेकांना आयुष्यात एकदा तपासलं तरी पुरतं. माझं जास्त निघालं.

जनुकांतच आहे तर मग नागपूरच्या अंबाझरी तलावावर चालायला चकरा मारून उपयोग काय, असं भावाने विचारलंच. 2016 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हेच तपासलं होतं. जनुकीय धोका सगळ्यात जास्त असलेल्यांमध्येही, ज्यांची राहणी चांगली होती त्यांचा धोका वाईट राहणीवाल्यांपेक्षा जवळपास निम्म्याने कमी भरला. आणि तंबाखू नुसती चघळल्यानेही झटक्याचा धोका वाढतो, हे 52 देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दिसलं आहे. ‘मी कुठे बिडी ओढतो’ हा विदर्भातला आवडता बचाव तिथेच गळतो.

खरं सांगायचं तर खानदानातून आम्हाला जनुकांइतक्याच सवयीही मिळाल्या. वडिलांचा खर्रा आणायला पानठेल्यावर आम्हीच पोरं धावायचो. सावजीला उगाच दोष देऊ नका, ते महिन्यातून एकदा व्हायचं. खर्रा दिवसभर चालायचा.

पुतण्या पंचविशीचा आहे, त्याचीही तपासणी करून घेतली. ज्यांच्या घरी असा इतिहास आहे त्यांनी कोण कितव्या वर्षी, कशाने गेलं हे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवावं. गोळी सुरू झाली तर बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करू नये. छाती दाबल्यासारखी वाटली, घाम फुटला, दुखणं जबड्यात किंवा हातात उतरलं, तर 108ला फोन करावा. स्वतः गाडी चालवत निघू नये. पहिला ईसीजी चांगला आला आणि दुखणं चालूच असलं, तर दुसरा काढायला सांगावं, घरी परतू नये.