पोलादाची कठिनता : ठसा काय सांगतो?

तयार झालेला आस किंवा दातेरी चाक किती बळकट आहे हे जाणण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे ते तोडून पाहणे. परंतु तोडलेला आस यंत्रात बसविता येत नाही! या अडचणीतून वाट काढणारी एक साधी पद्धत योहान आउगुस्ट ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्याने १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली.

१० मिलिमीटर व्यासाची कठीण गोळी पोलादाच्या घासून सपाट केलेल्या पृष्ठभागावर ३,००० किलोग्रॅम भाराने दहा ते पंधरा सेकंद दाबून धरावयाची. भार काढला की मागे उथळ वाटीसारखा ठसा उरतो. भाराला त्या वाटीच्या वक्र क्षेत्रफळाने भागले असता ब्रिनेल अंक मिळतो. ठशाचा व्यास ४ मिलिमीटर भरला तर हा अंक २२९ येतो. ३ मिलिमीटर भरला तर ४१५.

पण ठशाचा बळकटीशी संबंध काय? गोळीखालचा धातू बाजूला सरकू पाहतो. परंतु भोवतालचा न नमलेला धातू, चाकाच्या धावेप्रमाणे, त्याला आवळून धरतो. त्यामुळे मोकळी सळई ज्या ताणाला नमते त्याच्या सुमारे तिप्पट दाब येथे द्यावा लागतो. म्हणूनच ब्रिनेल अंकाचा तिसरा हिस्सा हा दर चौरस मिलिमीटरला किती किलोग्रॅम ताण पोलाद सोसेल याचा अदमास ठरतो. २२९ अंकाचे पोलाद म्हणजे साधारण ७५ ते ८०. हा अदमासच होय, काटेकोर माप नव्हे. कारण दाबताना धातू स्वतःच थोडा कठीण होत जातो.

ठसा कडेजवळ घेतला तर ही धाव एका बाजूने तुटलेली असते आणि अंक खोटाच कमी येतो.

याहून फसवी असते ती कातडी. रॉकवेल पद्धतीत हिऱ्याचा शंकू किती खोल रुतला ते पाहतात. तेथे ६० अंक म्हणजे अवघी ०.०८ मिलिमीटर खोली! भट्टीत पृष्ठभागातील कार्बन जळून गेला असेल तर आतले उत्तम पोलादही मऊ ठरते. उलट, मुद्दाम कार्बन मुरवून कठीण केलेल्या दाताचा अंक भरघोस येतो. गाभ्याविषयी मात्र तो काहीच सांगत नाही. ही कठीण कातडी किती खोल आहे हे पाहावयाचे तर नमुन्याचा एक दात आडवा कापून, कडेपासून आत हिऱ्याच्या पिरॅमिडचे बारीक ठसे घ्यावे लागतात. तेवढे एक चाक तरी वाया जातेच.