पाटीलकीचा कागद

किनवट

चि. बाळू,

तू पाठवलेला फोटो पाहिला. पिवळा कागद, वळणदार मोडी, खाली शिक्का. आणणारा म्हणतो, रविवारच्या पुरवणीत आलं नाही तर दुसऱ्या पेपराला देतो. लेका, मला कागदाआधी ह्या घाईचाच वास आला.

सवड काढून 'श्टॉंक!' हा हेल्मुट डीटलचा 1992 चा जर्मन सिनेमा बघ. पोट धरून हसशील. पण त्यातला येडा झालेला बातमीदार तुझ्याच धंद्यातला आहे, बरं का.

मूळ प्रकरण खरं. एप्रिल 1983 मध्ये 'श्टेर्न' साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिश्या सापडल्याचा डंका पिटला. साठेक वह्या, 93 लाख मार्क मोजलेले. लिहिणारा कोनराड कुयाऊ नावाचा नकल्या. कागद जुना दिसावा म्हणून त्यावर चहा ओतायचा. वहीवर ए.एच. अशी आद्याक्षरं हवीत, तिथे एफ.एच.! तरी छपाई थांबली नाही. म्हणे, 1945 साली कोसळलेल्या विमानातून वह्या निघाल्या. विमान मात्र खरंच कोसळलं होतं, म्हणून बाकीचंही लोकांच्या गळी उतरलं.

अक्षरतज्ज्ञही बोलावले होते. त्यांनी अक्षर जुळतं असा निर्वाळा दिला. पण ताडून पाहायला दिलेल्या नमुन्यांतले काही कागद कुयाऊनेच लिहिलेले! म्हणजे त्याचं अक्षर त्याच्याच अक्षराशी जुळलं. पुढे तिथल्या सरकारी दप्तरखान्याने तपासलं, तर कागदात युद्धानंतर वापरात आलेलं रसायन निघालं. मजकूर हिटलरच्या भाषणांच्या छापील संग्रहातून उचललेला, त्यातल्या चुकांसकट. 1985 साली नकल्या आणि 'श्टेर्न'चा बातमीदार गेर्ड हाइडेमान, दोघांनाही चार वर्षांवर कैद झाली.

आता तुझा कागद. साल लिहिलंय फसली 1350. त्यात 590 मिळव, 1940 येतं. आणि वर ठसठशीत 'तालुका किनवट, जिल्हा नांदेड'. अरे, निजामाच्या राज्यात आपला तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. नांदेडात आला 1956 च्या राज्यपुनर्रचनेत. सोळा वर्षं आधी हे त्या कारकुनाला कुणी सांगितलं?

2023 पासून निजामकाळच्या कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली, तसा आपल्याकडे जुन्या कागदाला भाव आला. अशात कुणी ना कुणी कुयाऊ निघायचाच, आणि त्याचा फटका ज्यांच्या नोंदी खऱ्या आहेत त्यांनाच बसणार. म्हणून मोडी वाचायला असा माणूस गाठ, ज्याला कागद खोटा निघाला तर जास्त मजा वाटेल. ज्या पाटलाच्या नावचा कागद आहे त्याच्या भाऊबंदांना दाखवशील तर ते डोळ्यांत पाणी आणून हो म्हणतील. कागद कुणाच्या पेटीत होता, आधी कुणी पाहिला, हे नावानिशी लिहून घे.

तो माणूस परत आला तर चहा पाज. मूळ कागद आठ दिवस ठेवून जा, सहीची पावती देतो, असं म्हण. काय उत्तर देतो ते मला कळव.

तुझा,
काका