मोकळे पाणी

दिवाळीच्या रात्री अंगणात झाड किंवा भुईनळा लावताना घरातील वडील माणसे मुलांस नेहमी एकच गोष्ट सांगतात, ती म्हणजे, "जरा दूर उभे राहा." हे ऐकून मुलांचा थोडासा हिरमोड होतो. गंमत जितक्या जवळून पाहावी तितकी ती अधिक, असे त्यांना वाटते. दूर उभे राहणारा भित्रा आणि जवळ जाणारा शूर, अशीही कित्येकांची समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, हे पाहण्यासाठी आज आपण एका दूरच्या बंदरात जाऊ.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पॅसिफिक महासागराच्या काठी सॅन डिएगो नावाचे शहर आहे. त्याच्या लगतच्या लांबट उपसागरात व्यापारी जहाजे, युद्धनौका आणि हौशी लोकांच्या लहानमोठ्या नौका यांची सदैव वर्दळ असते. ४ जुलै १७७६ रोजी अमेरिकेतील वसाहतींनी आपल्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला. म्हणून ४ जुलै हा त्या देशाचा राष्ट्रीय सण होय. त्या रात्री गावोगाव आतषबाजी होते, आणि जेथे बंदर असेल तेथे ती बहुधा पाण्यावर केली जाते.

पाण्यावर का, असे तुम्ही विचाराल. त्याची कारणे उघड आहेत. गावात घरे असतात, झाडे असतात, सुके गवत असते. पाण्यावर ठिणगी पडली तर ती विझून जाते. शिवाय आकाशात उमललेले प्रत्येक फूल खालच्या लाटांत पुन्हा एकदा उमलते आणि काठावरच्या हजारो माणसांस ते एकाच वेळी पाहता येते. म्हणून रुंद व सपाट तळाची, माल वाहण्याची बार्ज उपसागराच्या मध्यभागी नांगरतात आणि तिच्यावर दारूकामाची सगळी मांडणी करतात.

ही मांडणी कशी असते? बार्जवर मजबूत नळकांडी ओळीने उभी केलेली असतात. प्रत्येक नळकांड्यात एक गोळा ठेवलेला असतो. गोळ्याच्या खाली त्याला वर फेकणारी दारू असते, आणि पोटात रंगीत तारे व त्यांना चहूकडे उधळणारी दारू असते. खालची दारू पेटली की गोळा वर झेपावतो, आणि त्याच क्षणी त्याची वातही जळू लागते. गोळा पुरेसा उंच गेला की वातीची आग त्याच्या पोटात पोहोचते आणि आकाशात फूल उमलते. गोळा जितका मोठा, तितका तो उंच जातो. ढोबळ मानाने, गोळ्याच्या व्यासाच्या प्रत्येक इंचामागे तो शंभर फूट चढतो, असे समजावे.

हे सर्व ठरल्याप्रमाणे झाले, तर भीती कसलीच नाही. परंतु अग्नी हा काही आज्ञाधारक चाकर नव्हे. एखादे नळकांडे कलंडते आणि गोळा आकाशाकडे न जाता आडवा सुटतो. एखाद्याची उचल कमी पडते आणि तो पाण्यालगतच फुटतो. एखादा मुळीच न फुटता खाली येतो. आणि वारा तर कोणाचेच ऐकत नाही. तो जळते तुकडे हवे तिकडे वाहून नेतो. म्हणून या कामातील जाणत्या लोकांनी अंतराचे माप ठरवून ठेवले आहे. नळकांड्याच्या व्यासाच्या प्रत्येक इंचाला निदान ७० फूट अंतर प्रेक्षकांनी राखावे, असा अमेरिकेतील प्रमाणभूत संकेत आहे. म्हणजे नळकांडे ३ इंचांचे असेल तर २१० फूट, आणि १० इंचांचे असेल तर ७०० फूट! बार्जवरील सर्वांत मोठे नळकांडे घेऊन हा हिशेब करावयाचा असतो.

जमिनीवर हे अंतर राखणे सोपे असते. दोर बांधला, खांब रोवले, की काम झाले. पाण्यावर खांब कोठे रोवणार? तेथे होडी वाऱ्याने सरकते, ओहोटीने ओढली जाते, नांगर घसरला तर बसल्या जागेवरून नकळत पुढे जाते. आणि धोका ओढवलाच, तर होडीतील माणसाला पळण्यास वाट नसते. शिडाचे कापड, दोर आणि इंजिनाचे इंधन ही सारी ठिणगीचीच भक्ष्ये.

म्हणून हे काम तटरक्षक दल व बंदराचे पोलीस यांच्याकडे असते. आतषबाजीपूर्वी कित्येक दिवस नाविकांसाठी सूचना प्रसिद्ध होते. बार्जच्या भोवती ठरावीक त्रिज्येचे सुरक्षा-क्षेत्र आखले जाते. बंदराच्या अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून त्यात कोणत्याही नौकेने प्रवेश करावयाचा नसतो. संध्याकाळ होताच गस्तीच्या नौका त्या अदृश्य रेषेवरून फिरू लागतात. कोणी रेषा ओलांडू लागला, तर त्याला भोंग्याने, बिनतारी संदेशाने किंवा दिव्यांच्या उघडझापीने परत फिरविले जाते.

आता २०१२ सालच्या ४ जुलैची हकिकत ऐका. सॅन डिएगोच्या काठावर लोकांची अलोट गर्दी लोटली होती. पाण्यावर नौकांची दाटी झाली होती. मध्ये मात्र बार्जांच्या भोवती काळेभोर पाणी मोकळे होते. आपण क्षणभर कल्पना करू, की एखाद्या नौकेतील मुलाने ते पाहून आपल्या वडिलांना म्हटले असेल, "बाबा, समोर इतकी जागा रिकामी पडली आहे. थोडे पुढे गेलो, तर काय बिघडेल?" गस्तीच्या नौकेने मागे सारलेल्या कित्येक मोठ्या माणसांच्या मनातही हाच प्रश्न आला असेल.

आतषबाजी रात्री नऊ वाजता सुरू व्हावयाची होती आणि पाव तासाहून अधिक वेळ चालावयाची होती. प्रत्येक गोळा कोणत्या क्षणी उडावा, हे संगणकात नोंदविलेले होते. परंतु त्या नोंदीत एक चूक राहून गेली होती. नऊ वाजण्यास सुमारे पाच मिनिटे असताना संगणकाकडून सगळ्या नळकांड्यांस एकाच वेळी उडण्याची आज्ञा गेली. हजारो गोळे एकदम पेटले. बार्जांवर आगीचे प्रचंड लोळ उठले, रात्रीचा जणू दिवस झाला आणि कानठळ्या बसविणारा गडगडाट उपसागरभर घुमला. अर्ध्या मिनिटाच्या आत सगळे संपले. मागे उरला तो धूर, आणि बुचकळ्यात पडलेले प्रेक्षक.

वर्षभर ज्याची वाट पाहिली तो सोहळा असा वाया गेला. लोक हळहळले, पुढे कित्येक दिवस त्याची थट्टाही झाली. पण या हकिकतीतील सर्वांत महत्त्वाचे वाक्य पुढेच आहे : त्या रात्री त्या स्फोटाने एकाही माणसाला इजा झाली नाही.

असे का झाले? संगणक चुकला, तेव्हा त्याला आवरण्यास कोणाला सवडच मिळाली नाही. ओरडून सांगण्यास वेळ नव्हता. नौका मागे घेण्यास तर नव्हताच. त्या अर्ध्या मिनिटात जे उपयोगी पडले, ते संध्याकाळपासून तेथे होते. ते म्हणजे ते मोकळे पाणी! ज्या पाण्याकडे पाहून 'ही जागा उगाच रिकामी ठेवली आहे' असे वाटत होते, त्या पाण्यानेच अग्नी आणि माणसे यांच्यामध्ये उभे राहून रक्षण केले. संकट आल्यावर अंतर निर्माण करता येत नाही. ते आधीच राखून ठेवावे लागते.

परंतु नाविकाचे कर्तव्य एवढ्याने संपत नाही. त्याच रात्री त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कजवळच्या ऑयस्टर बे येथे, एक कुटुंब आपल्या आप्तेष्टांसह नौकेतून आतषबाजी पाहण्यास गेले होते. नौका होती ३४ फुटांची. तिच्यावर माणसे होती २७. आतषबाजी निर्विघ्नपणे पार पडली. सर्वांनी ती आनंदाने पाहिली. पण परत येताना, अंधारात, ती नौका उलटली. मोठी माणसे वाचली. परंतु नौकेच्या आतील खोलीत असलेली तीन मुले बुडाली. त्यांतील सर्वांत मोठे मूल अवघे बारा वर्षांचे होते, म्हणजे तुमच्याच वयाचे. नौकेच्या मानाने तिच्यावर माणसे फार होती, असे पुढे चौकशीत दिसून आले. अग्नीने त्यांना स्पर्शही केला नव्हता.

या दोन हकिकती शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकीकडे हजारो गोळ्यांचा एकाच वेळी भडका उडाला, आणि कोणास ओरखडाही आला नाही. दुसरीकडे दारूकाम यथास्थित पार पडले, आणि तीन घरांतील दिवे विझले असावेत असा अंधार एका कुटुंबावर पसरला. धोका नेहमी आपण पाहत असतो त्याच दिशेने येतो, असे नाही.

म्हणून अनुभवी नाविक अशा रात्री काही नियम मनोभावे पाळतो. नौकेवर तिला पेलतील तितकीच माणसे तो घेतो, आणि प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जॅकेट आहे की नाही, हे स्वतः पाहतो. दिवस मावळण्यापूर्वीच तो जागा धरतो, आणि वारा ज्या बाजूने येतो ती बाजू पसंत करतो, म्हणजे धूर व ठिणग्या आपल्याकडे येत नाहीत. नांगराचा दोर तो पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट सोडतो. तो आखडता घेतला, तर नांगर तळाला नीट धरत नाही. काठावरील दोन दिवे हेरून ठेवून तो अधूनमधून त्यांच्याकडे पाहतो, म्हणजे नौका सरकत असल्यास तत्काळ कळते. आकाशातील शोभा पाहण्यासाठी सर्वांनी एकाच बाजूला धाव घेऊ नये, असे तो आधीच बजावतो. कारण भार एका अंगास गेला, की नौका कलते.

अंतराचा अंदाज घेण्याची एक सोपी युक्तीही आहे. लखलखाट दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंत किती सेकंद लागतात, ते मोजावे. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. दोन सेकंद लागले, तर तो गोळा आपल्यापासून सुमारे ६८० मीटरांवर फुटला, असे समजावे. लखलखाट आणि आवाज जवळजवळ बरोबरच आले, तर मात्र आपण फार जवळ आहोत!

शेवटचे फूल आकाशात विरले, की सगळ्यांना घराची ओढ लागते. पण खरा नाविक तेव्हाही घाई करीत नाही. न फुटलेले गोळे अजून पाण्यावर तरंगत असू शकतात. त्यांना हात लावावयाचा नसतो, आणि ते दिसल्यास अधिकाऱ्यांना कळवावयाचे असते. शिवाय शेकडो नौका एकदम निघाल्या, की त्यांच्या लाटा एकमेकींवर आदळून लहान नौकांना हेलकावतात. तो गर्दी ओसरू देतो, नांगर सावकाश उचलतो, आणि मंद गतीने, दिवे लावून, परत फिरतो.

विद्यार्थिमित्रांनो, दूर उभा राहणारा भित्रा नसतो. तो स्वतःच्या व दुसऱ्याच्या चुकीसाठी जागा ठेवणारा शहाणा माणूस असतो. माणसे चुकतात, यंत्रेही चुकतात. आणि अशा वेळी मध्ये राखलेली मोकळी जागाच आपल्याला वाचविते. यापुढे कोणी तुम्हांस "जरा दूर उभे राहा" असे म्हणाले, तर रागावू नका. सॅन डिएगोचे ते काळेभोर, मोकळे पाणी आठवा.

अभ्यास

१. बंदराच्या गावी आतषबाजी पाण्यावर का करतात? तीन कारणे लिहा.

२. बार्जवरील सर्वांत मोठे नळकांडे ८ इंचांचे आहे. नौकांनी निदान किती फूट अंतर राखले पाहिजे? हिशेब करून दाखवा.

३. 'संकट आल्यावर अंतर निर्माण करता येत नाही. ते आधीच राखून ठेवावे लागते.' हे वाक्य सॅन डिएगोच्या हकिकतीच्या आधारे स्पष्ट करा.

४. ऑयस्टर बे येथील दुर्घटना आगीमुळे झाली नाही. मग ती कशामुळे झाली? त्यापासून कोणता बोध घ्यावा?

५. पुढील शब्दप्रयोगांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : हिरमोड होणे, बुचकळ्यात पडणे, कानठळ्या बसणे, निर्विघ्नपणे पार पडणे.

६. 'अग्नी हा काही आज्ञाधारक चाकर नव्हे.' या वाक्यात अग्नीवर कोणाच्या गुणाचा आरोप केला आहे? अशी आणखी दोन वाक्ये स्वतः तयार करा.

७. तुमच्या गावच्या जत्रेत किंवा उत्सवात दारूकाम होणार आहे, अशी कल्पना करा. प्रेक्षकांनी कोणती काळजी घ्यावी, याविषयी दहा ओळींचे सूचनापत्र तयार करा.